जुन्या ट्रॅक्सची चार नोझलं एका मापात कशी आणावीत? (इंदूर)

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी. या विभागात पेट्रोलवाल्यांचेच धागे जास्त, म्हणून जरा डिझेलचा वास सोडतो.

गाडी बजाज टेम्पोच्या काळातली ट्रॅक्स, म्हणजे कंपनीचं नाव फोर्स मोटर्स व्हायच्या आधीची. इंजिन ओएम ६१६, चार सिलिंडर, मर्सिडीजच्या परवान्यावरचं. मालक आमचे काका. सांवेरकडच्या शेतावर खत-बियाणं नेणं, आणि लग्नसराईत अख्खं गोत कोंबून उज्जैनला पोचवणं, हे तिचं काम.

तक्रार अशी. सकाळी सेल्फ मारला की सुरू होते, पण थंड असेपर्यंत खण्ण खण्ण ठोका देते. आयडलिंगला थरथर. खंडवा रोडवर भेरूघाट चढताना तर इतका काळा धूर की मागच्याला आमची नंबर प्लेट दिसू नये.

गंमत म्हणजे दिवाळीआधी काकांनी एका दुकानातून चारही नोझलं (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची टोकं) नवी टाकून आणली. ठोका त्यानंतर वाढलाय! दुकानदार म्हणतो, "भिया, नोजल तो चारों नए हैं, अब इंजन ही खोलना पड़ेगा." इंजिन उघडायला काका तयार नाहीत, आणि मलाही ते पटत नाही. नवी नोझलं टाकून गाडी आधीपेक्षा वाईट कशी होते? जाणकारांनी सांगावं.

ईव्हीवाला_भोपाळ

विकून टाका. भंगारात चांगला भाव येईल.

सुदामानगरकर

@ईव्हीवाला, हे तुम्ही काकांच्या समोर येऊन सांगा. चहा मी पाजतो.

सातपूरचा_जुना

नाशिकला नोझलच्या शॉपमध्ये माझं आयुष्य गेलं, तेव्हा जरा लांबण लागली तर चालवून घ्या.

नवं नोझल म्हणजे काय घेतलंत तुम्ही? खालचं टोक आणि त्याच्या आतली सुई, एवढंच. ती सुई किती दाबाला उचलली जाणार हे मुख्यतः वर होल्डरमध्ये बसलेली स्प्रिंग आणि तिच्यामागचा शिम (माप जुळवायची पातळ चकती) ठरवतो. म्हणजे दुकानदाराने नवं टोक जुन्या होल्डरमध्ये घालून कॅप नट आवळला असेल, तर वीस-पंचवीस वर्षं दबून बसलेली स्प्रिंग तशीच आहे. प्रत्येक होल्डरची स्प्रिंग वेगळी थकलेली. वर नव्या टोकांच्या मापातला बारीक फरक. टेस्टरवर (हाताने दाब देऊन नोझल तपासायच्या यंत्रावर) लावल्याशिवाय चारही एका दाबाला उघडतील ही आशाच करू नका.

तुमच्या इंजिनाला नव्या नोझलचा उघडण्याचा दाब ११५ ते १२५ बार. वापरलेलं १०० च्या खाली आलं की काढायचं. आपले मिस्त्री 'केजी' म्हणतात, त्याचा आणि बारचा फरक शंभरात दोनाचा, तो सोडून द्या. पण मी आकड्यापेक्षा चौघांमधल्या अंतराला जास्त मानतो. चारही ११६ ला उघडत असतील तर इंजिन गुमान चालतं. एक १०० ला आणि एक १३० ला असेल, तर सरासरी ११५ येऊनही ते इंजिन आपसात भांडत राहतं.

का, ते सांगतो. कमी दाबाला उघडणारं नोझल डिझेल लवकर सोडतं. पिस्टन वर पोचायच्या आत जास्तीचं डिझेल साचतं आणि मग एकदम पेटतं. तो तुमचा ठोका. जास्त दाबाला उघडणारं उशिरा सोडतं, तिथे पिकअप मेला. म्हणजे पंपाचं टायमिंग बरोबर असूनही चार सिलिंडरांची चार टायमिंगं. चौघांत ५ बारपेक्षा जास्त फरक ठेवू नये, आणि हात चांगला असेल तर दोन-तीनमध्ये येतं.

एक घरच्या घरी करा. आयडलिंगला एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट १७च्या पान्याने अर्धा फेरा सैल करा. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, वरून जाड फडकं. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाज पडत नाही, तो आधीच काम करत नव्हता. ज्याचा सैल करताच ठोका थांबतो, तो तुमचा चोर.

अनघा_बडोदा

सातपूरकर काकांच्या बोलण्यात चूक काढायची माझी हिंमत नाही, फक्त क्रम बदलते. इंजेक्टरला हात लावण्याआधी टॅपेट (वालची, म्हणजे व्हॉल्व्हची फट) बघा आणि कॉम्प्रेशन मोजा. या इंजिनाला थंड असताना इनटेक ०.१० मिमी आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी. घट्ट टॅपेटमुळे वाल पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि तो सिलिंडर नोझल कितीही चांगलं असलं तरी मागेच राहतो. चांगल्या स्थितीत २२-२४ बार यायला हवं, १५ ही शेवटची पायरी, आणि सिलिंडरांमध्ये ३ पेक्षा जास्त फरक नको. जुन्या इंजिनाला १९-२० आलं तरी मी खूश असेन, सारखं असलं म्हणजे झालं.

दुसरं, चार हाय प्रेशर पाइप नीट बघा. त्यांना जी वेडीवाकडी वळणं दिलेली असतात ती लांबी सारखी ठेवायला. एखादा बदललेला, आखूड किंवा वेगळ्या बोअरचा असेल, तर नोझल जुळवूनही तो सिलिंडर वेगळा वागणार. माझे विद्यार्थी पाइप म्हणजे फक्त पाइप समजतात, त्यांना हे पटवायला अर्धा तास जातो.

लिस्टरप्रेमी

आमच्या विहिरीवर राजकोटचं लिस्टर टाइप ६ एचपी आहे, ६५० आरपीएम, एकच सिलिंडर. जुळवायचं कुणाशी? बायकोशी जुळलं तेवढं पुरे.

(धागा वाचतोय हो. आमचं पण नोझल टपकतं.)

सुदामानगरकर

सगळ्यांना धन्यवाद. रविवारी काका, मी आणि काकांचे जुने ड्रायव्हर रशीदभाई, तिघांनी मिळून मांडलं.

टॅपेट: तिसऱ्याचा एक्झॉस्ट साफ घट्ट, ०.३० चा फीलर शिरेचना. लावून घेतला. कॉम्प्रेशन आधी २०, २१, १७, २०. टॅपेट लावल्यावर तिसरा १९.५ वर. अनघाताई, हा तुमचा.

नट सैल करायचा प्रयोग: पहिल्याचा सैल करताच ठोका गेला. चौथ्याचा सैल केल्यावर फारसा फरक नाही.

मग २७ची लांब गोटी (सॉकेट) लावून इंजेक्टर काढले. आता हे बघा. दुसऱ्याच्या भोकात दोन वायसर एकावर एक. जुना पत्र्याचा हीट वायसर न काढता त्यावरच नवा टाकलेला. चौथ्याच्या चुडीवर (आट्यांवर) काजळीचा पट्टा, म्हणजे गॅस वर येत होता. पाइप चारही मूळचेच दिसतात.

आता टेस्टर कुठे? देवास नाक्याला एका पंपवाल्याकडे आहे, पण तो म्हणतो ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा. मला समोर बसून बघायचंय.

सातपूरचा_जुना

ठेवून जाऊ नका. भला माणूस असेल तर समोर करू देईल. दोन-चार इंजेक्टर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला सहसा कुणी नाही म्हणत नाही, सकाळी दुकान उघडतानाच जा.

दोन वायसरचं आवर्जून सांगतो, कारण ही चूक मी फार पाहिलीय. तो वायसर फक्त गॅस अडवायला नसतो. नोझलच्या तोंडाची उष्णता हेडकडे नेण्याचं कामही तोच करतो. दोन घातले की टोक वर उचललं जातं, फवारा प्रीचेंबरमध्ये (सिलिंडरच्या वरच्या छोट्या ज्वलनकप्प्यात) जिथे पडायचा तिथे पडत नाही आणि टोक भाजून निघतं. दर वेळी इंजेक्टर काढला की नवा, आणि एकच. बसवताना ७० ते ८० न्यूटन-मीटर. होल्डरचे दोन भाग एकमेकांत आवळायलाही तेवढंच. पान्याला पाइप घालून 'अजून जरासं' करणाऱ्या मिस्त्रीच्या हातातून पाना काढून घ्या.

टेस्टरवर बसलात की क्रम असा ठेवा.

आधी दोन-चार जोरात दाब द्या, हवा जाऊ द्या. मग सावकाश दाबत काटा कुठे पोचून पडतो ते बघा. तोच उघडण्याचा दाब. लिहून ठेवा.

मग त्याच्या १५-२० बार खाली दाब धरून ठेवा आणि दहापर्यंत मोजा. टोकाला थेंब जमून पडला तर सीट गेली. नुसतं ओलसर झालं तर वापरलेल्या नोझलला माफ.

मग आवाज. सावकाश दाबलं की चांगलं नोझल चरचरतं. ते सुईचं उघड-मीट करणं आहे. मुकं राहून धार सोडलीन की सुई अडकतेय. तुमचं पिंटल जातीचं (सुईच्या टोकाला बारीक दांडी असलेलं) नोझल सावकाश दाबताना फवारा दोरीसारखा लोंबकळता सोडतं, तेवढ्याने घाबरून बाद करू नका. फवारा बघायचा तो झपकन दाबून: बारीक, सरळ, चहूबाजूंनी सारखा. एका बाजूला पिचकारीसारखी धार गेली तर पिंटलवर कार्बन आहे नाहीतर टोक मार खाल्लेलं आहे.

शिमचा हिशेब: ०.०५ मिमी जाड शिम घातला की साधारण ३ बार वाढतात. बाकी त्रैराशिक.

आणि एक जन्माची गोष्ट. चार नोझलं एकदम उघडून सुया एका ताटलीत टाकू नका. सुई आणि तिची बॉडी यांची जोडी कारखान्यात लागलेली असते, मधली जागा दोन-तीन मायक्रॉनची. अदलाबदल केलीत की चारही गेली. स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून सुई एक तृतीयांश बाहेर ओढा आणि बॉडी तिरकी धरा. सुई आपल्या वजनाने हळूच खाली सरकली पाहिजे. पितळी ब्रश आणि लाकडी काडी चालेल. पॉलिश पेपर, लोखंडी ब्रश, ग्राइंडिंग पेस्ट नाही. काही दुकानांत सुई पेस्ट लावून घासून देतात. सुईच्या कोनात आणि सीटच्या कोनात मुद्दाम किंचित फरक ठेवलेला असतो म्हणून ती बारीक रेषेवर बसते. घासून ती रेषा पसरली की बंद व्हायला वेळ, आणि टपकायला सुरुवात.

लष्करकर_ग्वाल्हेर

मी इंजिनातला नाही, शस्त्रक्रियेतला. तेवढ्यापुरता मध्ये येतो.

टेस्टरच्या फवाऱ्यासमोर बोट धरून 'किती जोर आहे' हे बघायची सवय मी पेशंटांच्या तोंडून ऐकलेली आहे. शंभर बारचा फवारा कातडीतून आत जातो. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण, पहिल्या तासात दुखतही नाही फारसं, आणि माणूस हात धुऊन पुढच्या कामाला लागतो. आत डिझेल स्नायुबंधांच्या आवरणातून पसरत असतं. रात्री बोट सुजून काळं पडलं म्हणून येतात, तेव्हा बऱ्याचदा बोट वाचत नाही. असं झालं तर हळद-बिळद न लावता तासाभरात मोठ्या रुग्णालयात जा आणि तिथे स्पष्ट सांगा की दाबाखालचं तेल आत गेलंय. नाहीतर तिथेही धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याची शक्यता आहे.

लिस्टरप्रेमी, तुम्हालाही सांगतोय. मल्टिहोल (अनेक भोकांच्या) नोझलचा दाब याहून जास्त असतो.

लिस्टरप्रेमी

डॉक्टर, आत्तापर्यंत आम्ही तळहातच धरायचो. उद्यापासून जुनं वर्तमानपत्र.

सुदामानगरकर

झालं एकदाचं. पंपवाले उस्ताद भले निघाले, स्टूल दिलं, चहा मागवला आणि म्हणाले, "लीवर आप मारो, हम देखेंगे."

आकडे असे आले: पहिला ९८, दुसरा १२४, तिसरा ११०, चौथा १३१. सगळी 'नवी' नोझलं.

पहिला उघडला तर उस्तादच हसायला लागले. शिमच्या जागी पत्र्याची हाताने कापलेली चकती, एका बाजूला जाड, कडेला कात्रीचे दात तसेच. स्प्रिंग तिच्यावर तिरकी बसून एका अंगाला घासलेली, चकाकी दिसत होती तिथे. चौथ्यात उलटं, कुणीतरी दोन शिम जास्तीचे भरलेले. तिसरा प्रामाणिक, नुसता म्हातारा.

पहिल्याला नवी स्प्रिंग. काकांचं म्हणणं होतं चारही बदला, पण दुकानात एकच मिळाली. तिसऱ्यात ०.२० चा शिम वाढवला, १२२ आला. चौथ्यातून ०.१५ काढला, तोही १२२ वर. दुसरा १२४ चा तसाच ठेवला. पहिला नव्या स्प्रिंगवर १२२ ला लावायला निघालो तर उस्ताद म्हणाले, "नई स्प्रिंग है, बैठेगी. १२६ पे छोड़ो." सातपूरकर काका, हे बरोबर का?

फवारा तिघांचा सुरेख. चौथ्याचा डावीकडे फाटत होता. डिझेलमध्ये रात्रभर भिजवून पितळी ब्रशने साफ केला, मग सुधारला. चरचर चारही करतात. तो आवाज एकदा ऐकला की लक्षात राहतो.

सातपूरचा_जुना

उस्ताद बरोबर. नवी स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये चार-पाच बार सोडते, म्हणून ती इतरांच्या वरच ठेवायची. तिरकी स्प्रिंग सुईलाही तिरकं ढकलते, त्यामुळे त्या नोझलची बॉडी आतून एका बाजूने झिजलेली असू शकते. पहिल्याची परतगळती बघितलीत का? ओव्हरफ्लोच्या निपलमधून इतरांपेक्षा जास्त डिझेल येत असेल तर ते टोक फार दिवस साथ देणार नाही.

गावठी_प्रयोग

मध्येच विचारतो. बीएस-६ चं डिझेल आल्यापासून (एप्रिल २०२०) गंधक १० पीपीएमवर आलं, म्हणून जुन्या पंपाला आणि नोझलला वंगण कमी पडतं असं ऐकलं. टाकीत टूटी (२टी, टू-स्ट्रोकचं) ऑइल टाकावं का? आमच्याकडे सगळे टाकतात.

अनघा_बडोदा

गंधक काढताना वंगणपणा जातो हे खरं. पण म्हणूनच रिफायनरीत वेगळं अॅडिटिव्ह घालतात, आणि भारतीय मानकात (आयएस १४६०) वंगणक्षमतेची मर्यादाही आहे: चाचणीत झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा नको. अधिकृत पंपावरचं डिझेल त्यात बसतं. टूटीने नुकसान होईल असं मी म्हणणार नाही, पण त्याच पैशात दर सर्व्हिसला डिझेल फिल्टर बदला आणि पाणी काढा. नोझलं मरतात ती पाण्याने आणि कचऱ्याने.

सुदामानगरकर

परतगळती बघितली. चार निपलांना चार सलाइनच्या नळ्या लावून बाटल्यांत सोडल्या, दहा मिनिटं आयडलिंगला. पहिल्याची बाटली इतरांच्या जवळजवळ दीडपट. म्हणजे काकांचा (सातपूरच्या) अंदाज बरोबर. ते टोक बदलायचं, पण बरं ब्रँडेड आणि पावतीसकट. सियागंजात फिरून आणतो.

बाकी गाडी: हवा काढायला हातपंपाने बराच वेळ लागला, रशीदभाईंनी इंजेक्टरकडचे नट सैल ठेवून सेल्फ मारायला लावला तेव्हा पकडली. सकाळचा खण्ण खण्ण गेला. अगदीच थंडीत पाच-सात सेकंद टकटक करते, ती डिझेलचीच. थरथर पुष्कळ कमी. भेरूघाटात तिसऱ्या गिअरला चढली, धूर करडा. पीयूसीला आता भीती नाही, जुन्या डिझेलला ६५ एचएसयूपर्यंत (धुराच्या काळेपणाचं माप) मुभा आहे.

तरी ८० च्या पुढे एक हलकी मिसिंग जाणवते. चौथा आणि दुसरा इंजेक्टर आपसात बदलून पाहिले, मिसिंग चौथ्या सिलिंडरवरच राहिली. कॉम्प्रेशन त्याचं २०.

अनघा_बडोदा

इंजेक्टर हलवूनही दोष जागेवर राहिला, कॉम्प्रेशन ठीक. मग उरला पंप. चौथ्याचा एलिमेंट (पंपातला दाब देणारा प्लंजर) किंवा डिलिव्हरी वाल (पाइपकडे डिझेल सोडणारी झडप). पंप बेंचवर चढवून चारही आउटलेटची डिलिव्हरी मोजायला लागेल, दर हजार स्ट्रोकला किती सीसी. आणि बेंचवर आयडलिंगची मापं वेगळी आणि फुल लोडची वेगळी घ्यायला सांगा. फक्त फुल लोडला जुळवून दिलेला पंप ट्रॅफिकमध्ये छळतो.

सातपूरचा_जुना

आधी स्वस्तातलं करा. डिलिव्हरी वालचे होल्डर उघडून तिसऱ्याचा आणि चौथ्याचा वाल व स्प्रिंग अदलाबदल करून बघा. वाल आपल्या सीटसकट हलवायचा, तीही जोडीच आहे. तळाचे वायसर नवे टाका. मिसिंग तिसऱ्याकडे गेली तर वाल, नाही गेली तर एलिमेंट, आणि एलिमेंट म्हणजे पंप उतरवणं आलं. स्वच्छता मात्र ऑपरेशन थिएटरची पाळा. डॉक्टरसाहेब हजर आहेतच.

सुदामानगरकर

मिसिंग तिसऱ्याकडे गेली!! वाल मागवलाय. काका धागा वाचून दाखव म्हणतात, ईव्हीवाल्याचा प्रतिसाद गाळून दाखवला.

एमएम५४०_महू

उशिरा आलो. माझ्या जीपला पूजोचं २.१ इंजिन आहे, तेही प्रीचेंबरवालंच. मग १२० ला बांधून घेऊ का?

सातपूरचा_जुना

नाही. पद्धत हीच, आकडा नाही. तुमच्या होल्डरवर आणि टोकावर खोदलेला नंबर इथे टाका, मग सांगतो.